पालकांच्या विनंतीवरून

मोहनराव मारकडांचं अक्षर फार चांगलं होतं, आणि त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडी त्या अक्षरापायीच झाल्या. बारामतीच्या एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. शाळेतल्या कारकुनाला आपल्याकडं कुणी सर म्हणत नाही, भाऊसाहेब म्हणतात. हे मोहनरावांना एकतीस वर्षं सलत होतं. चित्रकलेचा सर होता, पीटीचा सर होता, आठवड्यातनं दोनदा येऊन तबला बडवून जाणारा गृहस्थ, तोसुद्धा सर होता. यांनी मात्र सगळ्या सरांचे पगार काढायचे आणि स्वतः भाऊसाहेबच राहायचं. पण अक्षर म्हणाल तर साऱ्या शाळेत एकच. शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हातचा असला की माणसं तो उलटासुलटा करून बघायची आणि शाळा सुटल्याचं दुःख घटकाभर विसरायची. निवृत्त झाल्यावर ते भिगवणला स्टेशनजवळच्या घरात येऊन राहिले आणि यापुढं कुणाचं काही लिहून द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ते आठ महिने टिकलं.

मोडलं ते मासळीमुळं. खरं तर मोहनराव मासळी खात नाहीत. एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात त्यांच्या घशात काटा अडकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना वाटलं भाऊसाहेबांना गहिवरून आलं. हा माणूस तिकडं गुदमरतोय आणि सभागृह टाळ्या वाजवतंय. तेव्हापासून त्यांनी मासा वर्ज्य केला. पण मालनताईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, रविवारी चिलापीचं कालवण लागतंच. मग नाकाला रुमाल लावून बाजारात कोण जाणार, तर मोहनराव.

त्या रविवारी ते गुलजारभाईंच्या शेडमध्ये उभे होते. गुलजारभाई आडतदार. उजनीच्या पाण्यात धरलेली मासळी सकाळी त्यांच्याकडं येते, शेडमध्ये ढीग लागतात, गुलजारभाई ओट्यावर उभे राहून लिलाव पुकारतात आणि शेकडा पाच आडत कापून घेतात. काट्यापाशी क्रेट पालथा घालून एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी बसली होती. ती एका व्यापाऱ्याला म्हणाली, बेचाळीस किलो साडेतीनशे ग्रॅम, एकशे अठ्ठावीसनं, पाच हजार चारशे वीस रुपये ऐंशी पैसे, ऐंशी पैसे सोडले. हातात ना कागद ना मोबाईल. कारकुनी रक्त उसळलं. मोहनरावांनी खिशातलं पेन काढून रद्दी पेपरावर गुणाकार मांडला. पहिल्यांदा उत्तर वेगळं आलं तेव्हा त्यांना आनंद झाला. दुसऱ्यांदा आणखी वेगळं आलं. तिसऱ्यांदा पाच हजार चारशे वीस रुपये ऐंशी पैसे आले, तोवर तिनं आणखी चार गिऱ्हाइकं उरकली होती.

"कितवीत आहेस गं बाळ?" मोहनरावांनी कौतुकानं विचारलं.

"कितवीत न्हाय," ती मान वर न करता म्हणाली. "तुमीच तर माझा दाखला लिवला, भाऊसाहेब. अक्षर लय भारी हाय. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून."

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. मोहनरावांच्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा आणि तो कसा लागायचा हे मोहनरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नववीत एकदोनदा गचकलेलं पोर दहावीला बसलं तर शंभराचे नव्व्याण्णव व्हायची भीती. मग मुख्याध्यापक पालकांना बोलावून चहा पाजायचे, पोराच्या भवितव्याबद्दल कळकळीनं बोलायचे आणि चहा संपायच्या आत दाखला तयार असायचा. त्यात कारणाचा एक रकाना असतो. 'निकाल बिघडू नये म्हणून' असं तर लिहिता येत नाही. मग लिहायचं, पालकांच्या विनंतीवरून. हे दोन शब्द मोहनरावांनी इतक्या वेळा लिहिले होते, की पेन हातात दिलं तर ते झोपेतही लिहिले असते.

ही झोया, गुलजारभाईंची मुलगी. बाकावर बसलं की तिचं डोकं बंद पडायचं आणि पाय सुरू व्हायचे. नववीत दोनदा नापास.

गुलजारभाई लिलाव थांबवून ओट्यावरनं खाली आले. रागावले असते तर बरं झालं असतं. "विनंती म्या केली व्हती, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पोरीला ठेवा म्हणून केली व्हती. तुमी तितंच बसला व्हता, टेबलाला." एवढं बोलून त्यांनी मोहनरावांच्या पिशवीत एक चिलापी वरकड टाकली आणि ते परत ओट्यावर चढले.

त्या वरकड चिलापीनं घात केला. मोहनरावांना दुपारी झोप लागेना. ज्या माणसानं एकतीस वर्षं ऑफिसातसुद्धा जेवणानंतरची डुलकी चुकवली नाही, तो पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. संध्याकाळी त्यांनी मालनताईंना सांगून टाकलं, की त्या पोरीला मी दहावीला बसवणार. मालनताई कालवण ओरपत होत्या. त्या म्हणाल्या, बसवा की, पण आपल्या घरात नको.

चौकशी केली तर बाहेरून परीक्षेला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. दुसरी वाट मुक्त विद्यालयाची. शाळेच्या चौकटीत जे बसत नाहीत त्यांनी आपल्या चालीनं शिकायचं आणि परीक्षा द्यायची. पण त्यासाठी जवळ केंद्र पाहिजे. ते नव्हतं. मग काढा. काढायला दहा विद्यार्थी पाहिजेत, जागा पाहिजे, आणि महिना संपायच्या आत साहेबानं येऊन तपासून सही केली पाहिजे. झोयानं आधीच बजावलं होतं, यंदा जमलं तर जमलं. पुढच्या वर्षी ती स्वतःची आडत घालणार होती, मग पुस्तक धरायला वेळ कुणाला. म्हणजे मोहनरावांच्या हातात एकूण सव्वीस दिवस होते.

एवढ्यात शेजारच्या जोतीरामतात्यांना सुगावा लागला. तात्या रेल्वेत गेटमन होते. जन्मभर लोकांना फाटकाशी थांबवून ठेवल्यामुळं त्यांच्याजवळ प्रत्येक विषयावर सल्ला तयार असे आणि ऐकणाऱ्याला हलता येत नसे. तात्या म्हणाले, मोहनराव, शाळा नंतर, आधी फ्लेक्स. फ्लेक्स लागल्याशिवाय या तालुक्यात काही सुरू झालंय असं लोक धरत नाहीत. मग दोघं चौकातल्या सुयोगकडं गेले. सुयोग फ्लेक्स छापतो. मोहनरावांनी मजकूर सुंदर अक्षरात लिहून दिला आणि स्वतःचा पासपोर्ट फोटो दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात पंधरा फुटी मोहनराव उभे होते. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात बोटभर जाड चेन, मागं दोन वाघ. वर ठळक अक्षरांत 'वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा' आणि पार खाली, फटफटीच्या चाकाएवढ्या उंचीवर, 'दहावी राहिलेल्यांनी भेटावे'. मोहनराव तणतणत गेले. सुयोग शांतपणे म्हणाला, काका, ती वरची ओळ साच्यातच हाय, निघत न्हाय. वाघांचं विचारलं तर म्हणाला, ते फ्री हायती.

नऊ वाजेस्तोवर घरी बावीस माणसं हार घेऊन आली. एकानं केक आणला. बावड्याहून दोघं मोटारसायकलवर आले आणि भाऊ कुठल्या गटातनं उभे राहणार ते विचारू लागले. मोहनरावांचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. शेवटी त्यांनी केक कापला, कारण मालनताई म्हणाल्या की तो तसाच वितळून चाललाय. मात्र त्या गर्दीतनंच दोन विद्यार्थी मिळाले. एक सूरज. तो मासळीचा टेम्पो चालवायचा आणि केकसाठी आला होता. बसल्या जागी अकरा मिनिटांत झोपणं हा त्याचा दोष. टेम्पो चालवताना ठीक, बाकावर बसवलं की संपलं. दुसरी छकुली. ही हायवेवरच्या खानावळीत भाकरी थापायची. तिला गप्प बसता येत नव्हतं, आणि एवढ्याच कारणावरून तिला तीन शाळांनी काढून टाकलं होतं. बाकीचे सात गुलजारभाईंनी बाजारातनं गोळा करून दिले, मासे साफ करणारे, बर्फ फोडणारे, होडी हाकणारे. सगळे कुठल्या ना कुठल्या शाळेतनं कुणाच्या तरी विनंतीवरून बाहेर पडलेले.

पहिला वर्ग मोहनरावांच्या हॉलमध्ये भरला. मालनताईंनी नको म्हटलं होतं, पण दुसरी जागा नव्हती. पोरं कामावरनं थेट आली होती. त्यांच्या मागोमाग भिगवणातली झाडून सगळी मांजरं आली. सूरज अकराव्या मिनिटाला झोपला. छकुलीनं मोहनरावांनी विचारलेले आणि न विचारलेले असे सगळे प्रश्न सोडवले, त्यातले बरेच चुकीचे. झोया चारदा पाणी प्यायला उठली. मांजरं मात्र शेवटपर्यंत बसली आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर झाली. चौथ्या दिवशी मालनताईंनी शांतपणे सांगितलं, की सोफ्याला येणारा वास आता त्यांच्या साड्यांना येतोय आणि या घरात एकतर शाळा राहील नाहीतर त्या. मोहनरावांनी विचार करायला दोन मिनिटं घेतली. ती दोन मिनिटं त्यांना पुढं आठवडाभर महागात पडली.

मग गुलजारभाईच म्हणाले, धा वाजता लिलाव सपतो, शेड मोकळं असतंय, हितंच या. आणि गंमत बघा, तिथं शाळा लागली. बसायला बर्फाचे क्रेट. बर्फाच्या क्रेटवर बसलेल्या माणसाला झोप येत नाही, हा शोध शिक्षणशास्त्रात कुणी लावला असेल नसेल, मोहनरावांनी लावला. सूरज पहिल्यांदाच तास संपेपर्यंत जागा राहिला आणि स्वतःच चकित झाला. झोयाला उभं राहायची परवानगी होती. ती काट्यापाशी उभी राहून टक्केवारी समजावून सांगायची, आणि मोहनराव वहीत लिहून घ्यायचे, कारण टक्केवारी त्यांनाही नीट कळत नव्हती. छकुलीसाठी त्यांनी एक कडक नियम केला. बोलायचं तर आधी हात वर करायचा. पंधरा दिवस त्यांनी तेवढंच घोटून घेतलं. इतकं, की सूरज घरी भाकरी मागायलासुद्धा हात वर करायला लागला, असं त्याची आई सांगत आली.

एका सकाळी छकुलीनं हात वर करून विचारलं, की भाऊसाहेबांना आता सर म्हणायचं का. मोहनरावांनी सहज म्हणून कॉलर नीट केली. सूरज म्हणाला, "नगं. सर म्हटलं की मला झोप येती." वर्गानं माना डोलावल्या आणि विषय मिटला.

इकडं कागद फिरत होता. इंदापूरला गेले तर बारामतीला जा म्हणाले, बारामतीला गेले तर इंदापूरचं पत्र आणा म्हणाले. शेवटी एका टेबलानं अर्ज घेतला आणि आठवड्यानं त्रुटी काढली, खिडक्यांची संख्या नमूद नाही. शेडला चारी बाजूंनी भिंतीच नव्हत्या. मोहनराव दोन दिवस विचारात पडले. मग त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'भिंती नसल्याने खिडक्यांची आवश्यकता भासत नाही.' टेबलामागचा कारकून ते अक्षर बघून उठून उभाच राहिला. त्यानं मोहनरावांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मागच्या लोकांचे अर्ज लिहायला दिले. मोहनरावांना नाही म्हणता आलं नाही. तीन दिवस ते त्या कार्यालयात बसून अख्ख्या तालुक्याचे अर्ज लिहीत होते. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं त्यांना लाच द्यायचा प्रयत्न केला.

तरी त्या बदल्यात तपासणीची तारीख मिळाली. गुरुवार, सकाळी दहा. महिन्यातले दोनच दिवस उरले होते.

साहेब आले आठ वाजता. अविराज नावाचे, तिशीतले, नवे आणि म्हणून कडक. पांढरा शर्ट, हातात फाईल. त्या दिवशी मासळीची आवक उदंड होती आणि लिलाव ऐन रंगात. हैदराबादचा मोठा व्यापारी समोर उभा. मोहनरावांनी विनवलं, की साहेब, दोन तास माझ्या घरी बसा, चहा घ्या. साहेब म्हणाले, मला वर्ग जसा आहे तसा बघायचाय, सजवलेला नको. मोहनरावांनी हातातली कामं सोडायला लावून दहा जणांना कोपऱ्यात क्रेटवर बसवलं. तो कोपरा नेमका ओट्यासमोर येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आता गुलजारभाईंचं एक होतं. तीस वर्षं लिलाव पुकारून त्यांच्या डोळ्याला फक्त हात दिसायचा, हाताखालचं माणूस दिसायचं नाही. हात वर गेला की पाच रुपये वाढले. शेवटचा हात ज्याचा, ढीग त्याचा. आणि एकदा ढीग सुटला की उचलायचाच. त्यांच्या सख्ख्या मेहुण्यानं एकदा माशी हाकलली होती, त्यालाही त्यांनी तीस किलो मरळ उचलायला लावली. तो नियम मोडला असता तर दुसऱ्या दिवशी एक व्यापारी फिरकला नसता.

साहेबांनी सोपा प्रश्न विचारला, महाराष्ट्राची राजधानी कोणती. दहा हात एकदम वर गेले. ओट्यावरनं आवाज आला, पंच्याण्णव, शंभर, एकशे पाच, आणि नव्वदची चिलापी बघता बघता एकशे चाळीसला गेली. छकुलीचा हात सगळ्यात शेवटी खाली आला. ढीग छकुलीचा. हैदराबादवाला चमकून मागं बघायला लागला, ही नवी पार्टी कोण आली. साहेबांनी समद्विभुज त्रिकोणाबद्दल विचारलं. एकाही माणसाचा हात वर गेला नाही आणि बाजार सावरला. मग त्यांनी पाण्याचं सूत्र विचारलं, पुन्हा चार हात, वीस रुपये. आता मोहनरावांना उमगलं. ते ओट्याकडं धावले आणि थांबा थांबा करत त्यांनी दोन्ही हात हलवले. दोन हात, दोन ढीग.

या सगळ्या गलक्यानं साहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी ओट्याकडं वळून, वर्गात गोंधळ झाल्यावर करतात तसा, हात उंच केला आणि ते म्हणाले, "एक मिनिट, शांतता."

"वाम, साठ किलो, तीनशे धा," गुलजारभाई म्हणाले. "पांढरा शर्ट."

साहेबांपुढं वामेचा ढीग येऊन पडला. वाम म्हणजे सापासारखा लांबलचक मासा, आणि त्यातले निम्मे अजून हलत होते. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी हिशेब केला. पैसे द्यावेत तर अठरा हजार सहाशे, आणि खिशात चारशे. फुकट न्यावी तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं साठ किलो वाम घेतली, याला कायद्यात एकच नाव आहे. आणि ढीग नाकारावा तर भोवती चाळीस व्यापारी उभे. ते मोहनरावांकडं वळून हळू आवाजात म्हणाले, की मारकड, मी तुमचं हे केंद्र कायमचं बंद करीन. सव्वीस दिवस, वाघ, मांजरं, म्हातारीची लाच, सगळं पाण्यात गेलं असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात झोया ओट्यावर चढली. "अब्बू, सरका," ती म्हणाली. तिनं साहेबांना सांगितलं, की तुमचा माल तुमच्या नावानं परत लिलावात काढते. मग तिनं पुकारायला सुरुवात केली. हैदराबादवाल्याशी हिंदीत, भिगवणकरांशी मराठीत, आणि कुणी काही कुजबुजलं की त्याला दोन्हीत. वर्गातल्या दहाही जणांनी हात मांडीखाली दाबून धरले होते. सहा मिनिटांत वाम तीनशे तीसनं गेली.

"एकोणीस हजार आठशे आले," झोया साहेबांना म्हणाली. "आमची आडत शेकडा पाच, नऊशे नव्वद. ऱ्हायले अठरा हजार आठशे दहा. तुमची खरेदी गेली, फायदा दोनशे धा. शेकडा एक रुपया तेरा पैसे, जवळपास."

साहेबांनी फाईलमधनं कॅल्क्युलेटर काढला. एकदा केलं, दोनदा केलं, आणि तो परत ठेवून दिला. फायद्याला ते हात लावायला तयार नव्हते. ते दोनशे दहा रुपये छकुलीनं उचलले आणि सगळ्या शेडला चहा सांगितला. चहाचा घोट घेतल्यावर साहेबांचा रंग परतला. त्यांनी झोयाला विचारलं, की तू शाळा का सोडलीस. झोयानं काट्याखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतनं दाखला काढून दिला.

"पालकांच्या विनंतीवरून," साहेबांनी वाचलं. मग ते गुलजारभाईंकडं बघून जरा कडवट म्हणाले, की एवढी हुशार मुलगी, आणि तुम्हीच तिला काढलीत?

गुलजारभाईंनी मोहनरावांकडं बघितलं आणि मान खाली घातली. भर बाजारात माणसाला उघडं पाडायचं नाही, ही त्यांची रीत. मोहनरावही गप्प बसू शकत होते. सही अजून व्हायची होती. एकतीस वर्षं खोटं लिहिणाऱ्या माणसाच्या हाती कुठला साहेब केंद्र देईल?

"साहेब, ते खोटं आहे," मोहनराव म्हणाले. "यांनी विनंती केली होती ती पोरीला ठेवा म्हणून. मी समोर बसलो होतो. मी ऐकलं, आणि तरी हे लिहिलं."

साहेबांनी दाखला उन्हाकडं धरून पुन्हा बघितला. "असे किती लिहिलेत?"

"मोजले नाहीत, साहेब. मोजवत नाहीत."

साहेबांनी दाखला झोयाला परत दिला. मग त्यांनी फाईल क्रेटवर ठेवली आणि सही केली. खिडक्यांच्या रकान्यात त्यांनी 'आवश्यकता नाही' असं लिहिलं. जाताना म्हणाले, जुन्या दाखल्यात मला काही बदलता येत नाही. पण प्रवेश अर्जातही कारणाचा एक रकाना असतो, तो तरी नीट भरा. आणि कपड्यांना वामेचा वास घेऊन ते गाडीत बसले. गाडीमागं बाजाराच्या वेशीपर्यंत सहा मांजरं गेली.

छकुलीचा ढीग दुपारपर्यंत खानावळीत खपला. मोहनरावांचे दोन ढीग गल्लीत वाटले. मालनताईंनी तीन दिवस तळले, जोतीरामतात्यांनी तळण्याबद्दल सल्ला देत तीन दिवस खाल्ले.

अर्ज भरायला सगळे शुक्रवारी शेडमध्ये जमले. पहिला अर्ज झोयाचा. नाव झालं, पत्ता झाला, आणि रकाना आला: मुक्त विद्यालयात प्रवेश घेण्याचे कारण. मोहनरावांचं पेन थांबलं. तात्या कुठूनसे उगवले आणि म्हणाले, ज्ञानप्राप्ती लिहा, वजन पडतं. सूरज म्हणाला, हितं झोप येत न्हाय, असं लिवा. मोहनरावांनी गुलजारभाईंकडं बघितलं.

गुलजारभाई ओट्याच्या कडेला बसून बर्फानं भिजलेले हात पुसत होते. "त्येच लिवा की, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पालकांच्या विनंतीवरून. आता खरं हाय."

जे दोन शब्द मोहनरावांनी झोपेतही लिहिले असते, ते लिहायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी कागद झोयापुढं सरकवला आणि रुमाल काढला. नाकाला लावायला काढला, असंच सगळ्यांनी धरलं.

झोयानं अर्ज वाचला आणि हात वर केला. लिलाव केव्हाच संपला होता, तरी गुलजारभाईंच्या तोंडातनं "पाच" निघून गेलं.

"भाऊसाहेब," झोया म्हणाली, "अक्षर हललंय."

"हलू दे," मोहनराव म्हणाले. "तू सही कर."